सर्वेक्षणाच्या फोनमधील साठवण कूटबद्ध आहे का : प्रकल्प नोंदी

3 जून 2024

मागील महिन्यात आमच्या एका सर्वेक्षण सेविकेचा फोन प्रवासात हरवला. पोलिसांत तक्रार दिली, सिमकार्ड बंद करून घेतले, ताईंना दुसरा फोनही दिला. मात्र विश्वस्तांच्या बैठकीत जेव्हा "त्या फोनमधील माहिती कोणाला वाचता येईल का?" असे विचारले गेले, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही खात्रीने उत्तर देता आले नाही. फोनला लॉक होते, एवढेच सांगता आले.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील गरोदर माता आणि सहा वर्षांखालील बालके यांच्या नोंदी आमच्या सेविका फोनवर घेतात. वजन, उंची, हिमोग्लोबिन यांबरोबर पूर्वीचे गर्भपात, घरातील आजार, कोणाचे बाळ दगावले असेल तर त्याचे कारण, अशी माहिती त्यात असते. ही माहिती त्या बायकांनी सेविकेच्या तोंडाकडे पाहून दिलेली आहे. ती सुरक्षित आहे की नाही हे आपल्याला ठाऊकच नसणे ही गोष्ट मला फोन हरवण्यापेक्षा अधिक गंभीर वाटते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था करण्याचे बंधन घातले आहे आणि त्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे; परंतु कायदा नसता तरी हे काम करावेच लागले असते.

आज वापरात 41 फोन आहेत. सर्व अँड्रॉइडचे असून 2015 ते 2023 या काळात जसजसा निधी मिळाला तसतसे घेतलेले आहेत. प्रत्येक फोनबाबत साठवण कूटबद्ध आहे का, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवलेली आहे का, असल्यास कोणत्या पद्धतीने, याची नोंद करायची आणि शेवटी हरवलेल्या फोनविषयीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, एवढे काम ठरले आहे.

4 जून 2024

तपासणीआधी अँड्रॉइडमधील एन्क्रिप्शनचा, म्हणजे कूटबद्ध करण्याच्या सोयीचा, इतिहास नीट लिहून काढला, कारण आमच्याकडील फोन या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावरचे आहेत.

2011 मधील अँड्रॉइड 3.0 पासून संपूर्ण साठवण एका किल्लीने कूटबद्ध करण्याची सोय आली, पण ती वापरकर्त्याने स्वतः सुरू करावी लागत असे. 2014 च्या 5.0 आवृत्तीबरोबर आलेले नेक्सस 6 आणि नेक्सस 9 हे फोन व टॅब्लेट कारखान्यातूनच कूटबद्ध होऊन आले. सर्व उत्पादकांवर मात्र तेव्हा सक्ती झाली नाही. 2015 च्या 6.0 आवृत्तीपासून नव्या फोनांना सक्ती झाली आणि तिच्यातही एक सवलत राहिली : ज्या फोनचा प्रोसेसर एईएस या कूटबद्ध करण्याच्या प्रचलित पद्धतीने सेकंदाला 50 एमआयबीपेक्षा (साधारण तेवढ्याच मेगाबाइटपेक्षा) अधिक वेगाने काम करू शकत नाही, त्याला यातून सूट होती. स्वस्त फोन नेमके या सवलतीत बसत, आणि संस्था नेमके तेच फोन घेत असत.

2016 च्या 7.0 आवृत्तीत फाइलनिहाय एन्क्रिप्शन आले. यात सगळ्या साठवणीला एकच किल्ली नसते. गजर, फोन उचलणे अशा गोष्टींसाठी लागणारा थोडा भाग फोन सुरू होताच उघडतो आणि बाकीचा भाग वापरकर्त्याने पहिल्यांदा पिन टाकल्यावरच उघडतो. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला हीच पद्धत बंधनकारक झाली आणि मंद प्रोसेसरची सवलतही संपली. ती संपू शकली याचे कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलने जाहीर केलेली अॅडियंटम ही पद्धत. एईएससाठी खास सूचना नसलेल्या कॉर्टेक्स-ए7 सारख्या प्रोसेसरवर ती एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने चालते. तिचे नाव नेच्याच्या एका जातकुळीवरून ठेवलेले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओलसर कपारींत उगवणारा हंसराज हा त्याच जातकुळीतला. आमच्या सेविका ज्या वाड्यावस्त्यांवर जातात त्या वाटांवर तो जुलैत सगळीकडे दिसतो.

6 जून 2024

पहिले 12 फोन तपासले. आज केवळ सेटिंग्जमधून पाहिले. बहुतेक फोनांत "सुरक्षा" या भागात "एन्क्रिप्शन आणि क्रेडेंशियल" अशा नावाची ओळ असते आणि तिच्या आत फोन कूटबद्ध आहे की नाही हे लिहिलेले असते. काही उत्पादकांनी ही ओळ "इतर सुरक्षा सेटिंग्ज" मध्ये किंवा "गोपनीयता" मध्ये नेली आहे. दोन फोनांत ती मुळीच सापडली नाही. सेटिंग्जच्या शोधपेटीत शब्द टाकून पाहणे हा सर्वांत कमी वेळेचा मार्ग ठरला.

12 पैकी नऊ ठिकाणी "कूटबद्ध केलेला" असे दिसले, एका ठिकाणी "फोन कूटबद्ध करा" असे बटण दिसले, म्हणजे तो अद्याप कूटबद्ध नाही. दोन अनुत्तरित. पद्धत कोणती हे या पडद्यावरून समजत नाही, म्हणून उद्यापासून संगणकाला जोडून तपासायचे आहे.

7 जून 2024

फोन संगणकाला जोडून एडीबी या अँड्रॉइड फोनशी संगणकावरून बोलण्याच्या साधनाने प्रणालीचे गुणधर्म वाचले. यासाठी "फोनविषयी" मधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडावे लागतात आणि यूएसबी डीबगिंग चालू करावे लागते. काम झाल्यावर ते बंद करणे आणि संगणकाला दिलेली परवानगी रद्द करणे ही स्वतंत्र पायरी म्हणून तपासपत्रकात लिहिली आहे. सुरक्षेची तपासणी करताना मागे एक उघडी खिडकी सोडून येणे योग्य नाही.

पाहायचे गुणधर्म दोन. "आरओ डॉट क्रिप्टो डॉट स्टेट" याचे उत्तर "एन्क्रिप्टेड" किंवा "अनएन्क्रिप्टेड" असे येते. "आरओ डॉट क्रिप्टो डॉट टाइप" याचे उत्तर "फाइल" असेल तर फाइलनिहाय पद्धत आणि "ब्लॉक" असेल तर जुनी, संपूर्ण साठवणीची पद्धत. फोन रूट करावा (त्याच्या प्रणालीचा पूर्ण ताबा घ्यावा) लागत नाही, आतील काहीही बदलत नाही, आणि प्रत्येक फोनला दोन मिनिटेही लागत नाहीत.

येथे माझी एक चूक नोंदवतो. सुरुवातीला मी फोनने उघडलेल्या पार्टिशनांची, म्हणजे साठवणीच्या विभागांची, यादी पाहत होतो आणि "डीएम" ने सुरू होणारे नाव दिसले की ती साठवण कूटबद्ध समजत होतो. तसे समजणे बरोबर नाही. प्रणालीच्या पार्टिशनमध्ये कोणी फेरफार केलेली नाही ना हे पडताळणारी व्यवस्थाही त्याच यंत्रणेतून जाते, आणि तिच्यात कूटबद्ध काहीच नसते. त्या आधारे लिहिलेल्या तीन फोनांच्या नोंदी खोडून पुन्हा तपासल्या. त्यांपैकी एक प्रत्यक्षात कूटबद्ध नव्हता.

11 जून 2024

सर्व 41 फोनांचे वाचन पूर्ण झाले.

अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढील आवृत्तीचे 27 फोन आहेत. त्यांतील 26 फाइलनिहाय आणि एक ब्लॉक पद्धतीचा. आवृत्ती 7 ते 9 चे नऊ : सहा फाइलनिहाय, दोन ब्लॉक, एक कूटबद्ध नाही. आवृत्ती 5.1 आणि 6 चे पाच : एक ब्लॉक, चार कूटबद्ध नाहीत. एकूण फाइलनिहाय 32, ब्लॉक 4, कूटबद्ध नसलेले 5.

पहिल्या गटातील तो एक ब्लॉक पद्धतीचा फोन पाहून मी थांबलो, कारण अँड्रॉइड 10 वर ही पद्धत नव्या फोनांना चालत नाही. त्याचे कारण असे की फोन मुळात आवृत्ती 8 सह आला होता आणि नंतर अद्ययावत झाला. आवृत्ती वाढली तरी साठवणीची पद्धत जन्माची तीच राहते, कारण ती बदलायची तर सर्व माहिती पुसावी लागते. तेव्हा आजची आवृत्ती पाहून निष्कर्ष काढता येत नाही. फोन कोणत्या आवृत्तीसह बाजारात आला हे पाहावे लागते. तोही एक गुणधर्म म्हणून वाचता येतो आणि पत्रकात त्यासाठी रकाना वाढवला आहे.

एका विश्वस्तांकडे आयफोन आहे आणि सर्वेक्षणाचे अहवाल त्यावर येतात. आयफोनमध्ये 2009 च्या थ्रीजीएस पासून साठवण यंत्रातच कूटबद्ध होते, आणि 2010 च्या आयओएस 4 पासून किल्ल्या पासकोडशी बांधण्याची व्यवस्था आहे. तेथे पाहायचे एवढेच : "फेस आयडी आणि पासकोड" या पडद्याच्या तळाशी डेटा प्रोटेक्शन चालू असल्याची ओळ आहे का. आहे.

13 जून 2024

आज कूटबद्ध नसलेला एक फोन मागून घेताना ताई म्हणाल्या, "दादा, पॅटर्न तर रोज काढावा लागतो. मग आत कोण जाईल?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तोंडी देऊन भागणार नाही असे वाटल्याने प्रत्यक्ष करून पाहायचे ठरवले.

संस्थेचाच, 5.1 आवृत्तीचा, आठ जीबीचा एक फोन घेतला. आधी त्यातील नोंदी मुख्य संगणकावर उतरवून फोन पुसला. त्यात बनावट नावांच्या वीस नोंदी भरल्या आणि एका संपर्काच्या टिपणात एक खुणेचे वाक्य लिहिले : "माळावरच्या आंब्याला यंदा मोहोर नाही." मग पॅटर्न लावून फोन बंद केला. यातील चिपसेटसाठी दुरुस्तीची दुकाने जे साधन वापरतात, त्याने फोन सुरू न करता, पॅटर्न न टाकता, साठवणीची जशीच्या तशी प्रत संगणकावर घेता येते. वापरकर्त्याच्या पार्टिशनची सुमारे साडेचार जीबीची प्रत घ्यायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागला.

14 जून 2024

प्रतीमध्ये खुणेचे वाक्य शोधले आणि पहिल्या प्रयत्नात काहीच सापडले नाही. येथे घाईने "सापडले नाही, म्हणजे सुरक्षित" असे लिहिले गेले असते, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

अशा प्रतींमधून वाचनीय मजकूर काढण्यासाठी नेहमी वापरले जाणारे साधन मुळात केवळ रोमन अक्षरे ओळखते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, अक्षर असो वा काना-मात्रा, यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि ते बाइट त्या साधनाच्या दृष्टीने मजकूर नसतातच. आमच्या नोंदी मराठीत आहेत. रोमन मजकूर शोधणाऱ्या साधनाने तपासले तर मराठी माणसाची सगळी माहिती अदृश्य राहते आणि तपासणारा समाधानाने फोन परत देतो. मी वाक्याचे बाइट काढून घेतले आणि तोच क्रम प्रतीत शोधला. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट, संगणकाच्या सोळा अंकी लेखनात, ई-शून्य आणि दुसरा ए-चार किंवा ए-पाच असतो, त्यामुळे संबंधित भाग नजरेनेही ओळखू येतो.

वाक्य तीन ठिकाणी सापडले. त्याच्या आजूबाजूला वीसही बनावट नावे, दूरध्वनी क्रमांक आणि वजनाच्या नोंदी ओळीने वाचता येत होत्या.

हेच पुन्हा करून पाहण्यासाठी ब्लॉक पद्धतीच्या 6.0 आवृत्तीच्या फोनमध्ये तेच वाक्य भरले आणि त्याच प्रकारे प्रत घेतली. तिच्यात वाक्य नाही, नावे नाहीत, ई-शून्य ए-चार यांची सलग रांग कोठेही नाही. सगळीकडे एकसारखे, अर्थहीन बाइट. ती प्रत आवळून लहान करायचा प्रयत्न केला तेव्हा आकार जवळपास तेवढाच राहिला. कूटबद्ध माहितीत पुनरावृत्ती सापडत नाही, म्हणून ती आवळली जात नाही. पहिल्या फोनची प्रत याच प्रयत्नात निम्म्याहून कमी झाली होती.

दुपारी ताईंना दोन्ही प्रती शेजारी शेजारी दाखवल्या. पॅटर्न हे घराच्या दाराचे कुलूप आहे, आणि पहिल्या फोनमध्ये घराला मागची भिंतच नाही, असे मी म्हणालो. त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे गेली चार वर्षं माझ्या बायकांची माहिती अशीच होती?" होती.

18 जून 2024

ब्लॉक पद्धतीचे चार फोन वेगळे काढून पाहिले. या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आज हाती आली, असे मला वाटते.

संपूर्ण साठवणीच्या पद्धतीत किल्ली कशाने झाकली आहे हे "एन्क्रिप्टेड" या शब्दातून कळत नाही. अँड्रॉइड 5.0 पासून, वापरकर्त्याने फोन सुरू होताना पिन मागण्याचा पर्याय निवडला नसेल, तर किल्ली एका ठरलेल्या शब्दाने झाकली जाते. तो शब्द आहे "डिफॉल्ट पासवर्ड", अक्षरशः तोच, आणि तो सर्वांना माहीत आहे. किल्ली त्या फोनच्या यंत्राशीही बांधलेली असते, त्यामुळे माझ्या 14 तारखेच्या प्रयोगासारखी नुसती प्रत घेऊन काही मिळत नाही. परंतु फोन स्वतः सुरू झाला की तो कोणालाही न विचारता सगळी साठवण उघडतो, आणि मग माहिती आणि परका माणूस यांच्यामध्ये फक्त स्क्रीन लॉक उरतो. सेटिंग्जच्या पडद्यावर दोन्ही स्थितींत एकच शब्द लिहिलेला असतो.

हे संगणकाशिवाय ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. फोन बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पिन न टाकता तसाच ठेवावा. मग त्याच्या संपर्कयादीत नाव असलेल्या दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल करावा. फाइलनिहाय एन्क्रिप्शन असेल आणि पिन लावलेला असेल, तर फोन वाजतो, पण पडद्यावर नुसता क्रमांक दिसतो, नाव दिसत नाही; कारण संपर्कयादी अजून बंद आहे. एकदा पिन टाकला की पुढच्या कॉलला नाव दिसू लागते. पिन न टाकताच नाव दिसले, तर साठवण वापरकर्त्याची वाट न पाहता उघडलेली आहे, मग सेटिंग्जमध्ये काहीही लिहिलेले असो. सुरू होतानाच पिन मागणारा ब्लॉक पद्धतीचा फोन तर या स्थितीत वाजतच नाही.

41 फोनांवर ही चाचणी दोन दिवसांत झाली. चारपैकी तीन ब्लॉक फोनांत नाव दिसले, एक वाजला नाही. कूटबद्ध नसलेल्या पाचही फोनांत अर्थातच दिसले. फाइलनिहाय 32 पैकी सहांमध्येही नाव दिसले, आणि त्या सहांचे कारण एकच निघाले : त्यांना लॉकच नव्हते. घरातील मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ पाहता यावेत म्हणून काढून ठेवलेले. अशा फोनांत किल्लीला वापरकर्त्याच्या कोणत्याही गुपिताचा आधार नसतो. त्याच दिवशी सहाही फोनांना सहा आकडी पिन लावून घेतला.

यापुढे पत्रकातील "कूटबद्ध आहे का" हा एक रकाना काढून दोन केले आहेत : "साठवण कूटबद्ध आहे का" आणि "पिनशिवाय उघडते का".

20 जून 2024

मेमरी कार्डे. 14 फोनांत कार्ड आहे आणि 14 ही कार्डे साध्या, सुट्या साठवणीच्या रूपात आहेत. म्हणजे कार्ड काढून कोणत्याही संगणकात घातले की सर्व वाचता येते. फोनची अंतर्गत साठवण कितीही चांगली कूटबद्ध असली तरी तिचा कार्डाशी संबंध नाही. अँड्रॉइड 6.0 पासून कार्ड अंतर्गत साठवणीत सामील करून घेण्याची सोय आहे आणि तसे केल्यास ते कूटबद्ध होते, परंतु मग ते दुसरीकडे चालत नाही आणि अनेक उत्पादकांनी ही सोय दिलेलीच नाही. काही उत्पादक कार्ड कूटबद्ध करण्याचा स्वतःचा पर्याय देतात.

नऊ मेमरी कार्डांवर माता व बाल संरक्षण कार्डांची छायाचित्रे मिळाली. सर्वेक्षणाचे अॅप छायाचित्रे अंतर्गत साठवणीतच ठेवते. पण जागा संपल्याची सूचना आली की फोन कॅमेऱ्याची साठवण कार्डावर नेण्याविषयी विचारतो, आणि घाईच्या वेळी "हो" म्हटले जाते. यात सेविकांची चूक नाही. कमी जागेचे फोन आम्हीच घेतले.

24 जून 2024

कूटबद्ध नसलेल्या पाच फोनांपैकी आवृत्ती 5.1 आणि 6 चे चार फोन सेवेतून काढायचे ठरले. जुने फोन गावातील मुलांना द्यावेत असे सुचवले गेले होते. कारखाना स्थितीला नेले (फॅक्टरी रिसेट केले) की माहिती जाते, असा सर्वसाधारण समज आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी 2015 मध्ये पाच उत्पादकांचे, 2.3 ते 4.3 आवृत्तीचे 21 वापरलेले फोन तपासून दाखवले होते की त्या काळच्या फोनांत पुसल्यानंतरही बरीच माहिती परत मिळू शकते. म्हणून आधी कूटबद्ध करावे आणि मग पुसावे, म्हणजे किल्ली नष्ट होते आणि मागे उरलेले बाइट निरुपयोगी ठरतात, असा सल्ला दिला जातो.

सल्ला योग्य आहे, परंतु प्रयोगाच्या फोनवर करून पाहताना त्यातील एक पोकळी दिसली. 5.1 आवृत्तीच्या त्याच फोनमध्ये खुणेच्या वाक्याचा संपर्क प्रथम खोडला, मग फोन चार्जरला लावून, बॅटरी 80 टक्क्यांच्या वर गेल्यावर, कूटबद्ध केला. पुन्हा प्रत घेतली. वीस नावे दिसली नाहीत, पण खोडलेले वाक्य एका ठिकाणी अजून जसेच्या तसे होते.

अँड्रॉइड 5.0 मध्ये ही प्रक्रिया जलद व्हावी म्हणून केवळ वापरात असलेले ब्लॉक, म्हणजे साठवणीचे लहान तुकडे, कूटबद्ध करण्याची पद्धत आणली गेली. खोडलेली नोंद वापरात नसलेल्या ब्लॉकमध्ये पडून होती, म्हणून तिला कोणी हात लावला नाही. यावर उपाय म्हणून कूटबद्ध केल्यानंतर संगणकावरून मोठ्या फाइली भरून साठवण काठोकाठ भरली, म्हणजे मोकळ्या ब्लॉकवरही कूटबद्ध बाइट लिहिले गेले. तिसऱ्या प्रतीत वाक्य सापडले नाही. मग फोन पुसला.

तरीही चिपच्या नियंत्रकाने बाजूला ठेवलेले, बाहेरून दिसत नसलेले काही ब्लॉक असतात आणि तेथे या मार्गाने पोहोचता येत नाही. गर्भपाताच्या नोंदी ज्यात चार वर्षे राहिल्या, ते फोन बाहेर देण्याला मी संमती दिली नाही. ते कपाटात राहतील आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात चिप नष्ट करून घेऊनच जातील. मुलांसाठी दुसरी व्यवस्था करू.

पाचवा, आवृत्ती 7 चा फोन मंद प्रोसेसरच्या सवलतीतला आहे. तो कूटबद्ध केला आणि वापरून पाहिला. अॅप उघडायला पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागतो. सेवेतून काढला.

27 जून 2024

तीन ब्लॉक फोनांत सुरू होताना पिन मागण्याचा पर्याय लावायचा होता. तांत्रिकदृष्ट्या काम पाच मिनिटांचे आहे. तो लावल्यास फोन पुन्हा सुरू झाल्यावर पिन टाकेपर्यंत ना कॉल येतो, ना गजर वाजतो.

दोन ताईंनी याला विरोध केला आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. डोंगरातील वस्त्यांवर रात्री वीज जाते, फोन बंद पडतो, पहाटे वीज आली की चार्जरवर असलेला फोन काही वेळा आपोआप सुरू होतो. अशा वेळी कळा सुरू झालेल्या बाईच्या घरून कॉल आला आणि फोन मुका राहिला तर? माहितीची सुरक्षा महत्त्वाची आहे, पण ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच जिवावर बेतता कामा नये. फाइलनिहाय पद्धत आणली गेली तिचे एक मोठे कारण हेच होते की फोन बंद साठवणीसह वाजू शकावा.

निर्णय : चारही ब्लॉक फोन कार्यालयातील नोंदणीसाठी घ्यायचे, सुरू होतानाचा पिन लावून. त्या ताईंना आणि पाच कूटबद्ध नसलेले फोन वापरणाऱ्यांना, मिळून नऊ जणींना, मुळातच फाइलनिहाय पद्धतीसह आलेले फोन द्यायचे. खर्चाचा प्रस्ताव आज समन्वयक ताईंकडे दिला.

1 जुलै 2024

हरवलेल्या फोनचा प्रश्न.

खरेदीच्या बिलावरून त्याचा संच सापडला. त्याच दिवशी, त्याच प्रकारचे चार फोन घेतले होते. उरलेले तीन आमच्याकडे आहेत. तिन्ही अँड्रॉइड 10 सह आलेले, तिन्ही फाइलनिहाय कूटबद्ध. ही पद्धत वापरकर्त्याला बंद करता येत नाही, म्हणून चौथाही तसाच होता असे म्हणता येते. फोन हरवलेल्या ताईंशी बोललो. पिन होता, चार आकडी होता, जन्मवर्ष नव्हते, आणि तो घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हता. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकल्यास फोन थांबवून ठेवतो, त्यामुळे दहा हजार शक्यता हाताने संपवणे सोपे नाही.

फोन हरवला तेव्हा चालू होता आणि सकाळी एकदा उघडलेला होता. अशा स्थितीत किल्ल्या फोनच्या स्मृतीत असतात आणि संरक्षण काहीसे कमी असते. त्याच संध्याकाळी तो बंद लागला. बंद झाल्यावर किल्ल्या स्मृतीतून जातात. अंतर्गत साठवणीतील नोंदी वाचल्या जाण्याची शक्यता मी फार कमी मानतो आणि तसे लेखी दिले आहे.

मग कार्डाविषयी विचारले. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. कार्ड होते. जागा संपल्यावर मार्चपासून छायाचित्रे त्यावर जात होती.

2 जुलै 2024

मार्चपासून हरवण्याच्या दिवसापर्यंत ताईंनी केलेल्या भेटींची यादी मुख्य संगणकावरून काढली. त्या काळात 58 घरांतील माता व बाल संरक्षण कार्डांची छायाचित्रे घेतली होती. त्यांवर नाव, वय, पत्ता, मागील बाळंतपणांची माहिती आणि तपासण्यांचे निकाल असतात. ती कूटबद्ध नव्हती.

विश्वस्तांना दिलेल्या टिपणात दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली : अंतर्गत साठवणीतील नोंदी सुरक्षित मानता येतात; कार्डावरील 58 घरांची छायाचित्रे ज्याच्या हाती फोन आहे त्याला वाचता येतात. केवळ पहिले वाक्य बैठकीत सांगावे असे एकाने सुचवले. मी नकार दिला आणि समन्वयक ताईंनी मला पाठिंबा दिला.

4 जुलै 2024

उरलेल्या 14 फोनांतील कार्डे काढून घेतली, छायाचित्रे मुख्य संगणकावर घेतली, कार्डे पूर्ण भरून पुसली. कॅमेऱ्याची साठवण सर्व फोनांत अंतर्गत केली. महिन्याच्या बैठकीत प्रत्येक ताईने आपला फोन पुन्हा सुरू करून शेजारच्या ताईच्या फोनवरून कॉल करायचा आणि पडद्यावर नाव दिसते का हे पत्रकात लिहायचे, असे ठरले.

उद्यापासून 58 घरांना भेटी. पत्र मी लिहिले होते, पण ताई म्हणाल्या की पत्र नको, त्या बायकांनी माहिती मला दिली होती, मीच जाऊन सांगते. पहिल्या वस्तीवर जाताना मी बरोबर आहे. सकाळी सातची गाडी.